ताज्या पेशी

४ मार्च
लागले बाई एकदाची नोकरीला! प्रयोगशाळा ऐसपैस, खिडकीतलं ऊन थेट माझ्या टेबलावर. काम यकृताच्या आणि रक्ताच्या कर्करोगाचं. चांगल्या पेशीतलं नेमकं कोणतं प्रथिन बिघडतं आणि ती पिसाळल्यासारखी वाढत सुटते, ते शोधायचं. सर मायाळू. माझ्याहून वरच्या पदावरची ताई फटकळ, पण जीव लावणारी. उंदरांची निगा राखणारे मामा म्हणाले, उंदीर चावला तर घाबरू नकोस, नव्या माणसाची चव बघतात ते. हसून हसून पुरेवाट झाली.

११ मार्च
सरांच्या घरी चहाला गेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, रक्ताचा कर्करोग आहे, उशीवरून मानही उचलवत नाही. तरी मला जवळ बसवून घेतलं. निघताना सर सांगत होते, निरोगी यकृतातलं एक प्रथिन काकूंच्या रोगट पेशी मारतं असं दिसतंय, पण उंदराचं चालत नाही. माणसाचं हवं, तेही ताजं.

१९ मार्च
ताई अचानक रजेवर गेली म्हणे. सरांनी आज यकृताच्या ताज्या पेशींच्या बाटल्या आणल्या. त्यांतलं प्रथिन घातलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काकूंच्या रोगट पेशी माझ्या डोळ्यांदेखत पटापट फुटल्या! मी टाळ्याच पिटल्या. मामा मात्र वर बघेनात.

२३ मार्च
मामांनी हाताला धरून मला उंदरांच्या खोलीमागे नेलं. फ्रीझरमध्ये ताई. पोट उभं चिरलेलं, आत पोकळी. मनगटांवर दोरीचे वळ. म्हणजे बांधली तेव्हा ती जिवंत—

तेवढ्यात सर दारात आले. मामा तसेच त्यांच्या अंगावर धावून गेले. सरांनी गॅसच्या टाकीचा लोखंडी पाना उचलला. पहिल्याच घावात मामांचा जबडा निखळला. ते पडले, तरी सर मारतच राहिले. माझ्या तोंडावर रक्त उडालं. मग चष्मा पुसत सर म्हणाले, "यांचं यकृत दारूनं गेलंय. तुझं चांगलं असेल."

तारीख कळत नाही
शीतगृहात कोंडलंय. डायरी ॲप्रनच्या खिशात राहिली. बोटं वळत नाहीत. दार ओरबाडून नखं उखडली. सर बाहेरून समजूत काढतात. म्हणतात, काकू आज पोटभर जेवल्या.

नंतर
फळीवरची एक बाटली फोडली. काच मुठीत धरून दाराआड उभी राहिले. सर आत आले, काच मानेत खुपसली. पाय झाडले— संपले.

दाराकडे धावले तर कुणीतरी बाहेरून कडी घातली. दाराच्या झरोक्यातून दिसल्या काकू! स्वतःच्या पायांनी चालत आल्या होत्या. आधी हंबरडा फोडला. मग एकदम शांत.

म्हणाल्या, "पोरी, सुरी कशी चालवायची ते मला ह्यांनी शिकवून ठेवलंय."

कडी हलतेय. काच सरांच्या मानेत रुतलीय, ओढतेय, निघत ना—