लेबल एक, कॅसेट दुसरी

१३ फेब्रुवारी २००५
आजही नाही सापडली. नियाज अन् मी सकाळच्या गाडीनं अमरावतीहून अकोल्याले, रविवारच्या जुन्या बाजारात. कापूस बुडाला की लोक आधी व्हीसीआर विकतात, म्हणून कॅसेटींचे ढीग वाढून राहिले. एकीवर 'सत्यनारायणाची कथा' लिहिलं होतं. लावून पाहिली तर डाकूंचा पिक्चर! पोलिसांच्या धाडीच्या भीतीनं व्हिडिओ लायब्ररीवाले असंच करायचे. म्हणून आम्ही लेबल वाचतच नाही, प्रत्येक लावून पाहतो.

पायजे ती एकच – 'पातूरचा पाहुणा'. अमरावतीच्या नाटकवाल्यांनी पातूरच्या लेण्यांत व्हिडिओवर काढलेला पिक्चर. टॉकीजले कधी लागलाच नाही. त्यात माझी बायको गोदा चार वाक्यं बोलली. मी तेव्हा धारणी डेपोले कंडक्टर, पाहायचा राहून गेला. आता गोदाच नाही. फोटो आहेत ढीगभर. आवाज कुठंच नाही.

नियाज म्हणे, "सापडंल गड्या. कॅसेट काय हवेत जाते?" त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, त्याले यातलं कळते. तो नसता तर मी केव्हाच सोडलं असतं.

२० फेब्रुवारी
पुन्हा अकोला. आणल्या तेवढ्यांत कोणाकोणाची लग्नं.

१ मार्च
सेमाडोहले जाऊन आलो. पिक्चर काढणारा चंद्रभान तिथं चहाचं हॉटेल चालवतो. म्हणे, "माह्यावाल्याइले बुरशी लागली, फेकल्या. पण एक तुमच्या बाईले देल्ली होती नं. कोणी वरून दुसरं भरू नये म्हणून मांगची टिकली मीच मोडली होती. थे तं नियाजमियानं त्या भोकावर चिकटपट्टी लावून पुसली. बाईनंच सांगतलं मले."

परतवाड्यापर्यंत डोळे मिटून बसलो. बाजूवाल्याले वाटलं, घाट लागला. त्यानं लिंबू दिलं.

२ मार्च
नियाजच्या घरी गेलो. चहा आला, शिवलो नाही. विचारलं, "तू पुसली?"

"हाव."

"मंग माह्यासंगं काय शोधून राहिला होता बे?"

खाली मान. म्हणे, "तुले सांगता नाही आलं."

उठून आलो. माणूस एवढा कोडगा कसा असतो! माझ्याजवळ उन्हात बसून ढीग उपसायचा, अन् वरून मलेच म्हणायचा, थे नाही गड्या. माझ्यासाठी डबा आणायचा. गोदा गेली तेव्हा रडलो नव्हतो इतका आज रडलो.

६ मार्च
रविवार. मी गेलो नाही. तो एकटाच अकोल्याले गेला होता म्हणे. जाऊ दे, नाटकं.

९ मार्च
कुलसुमबी आली, नियाजची बायको. आत ये म्हटलं नाही, तरी दारात उभी राहून बोलली.

"भाऊ, गोदाताई स्वतःच थे कॅसेट घेऊन आल्या होत्या. रातची मॅच, तुमी धारणीले, दुकानात कोरी कॅसेट नाही. ह्ये नाही म्हनत होते. त्या म्हने, माह्ये चारच वाक्यं हायेत, पण त्याइची मॅच हुकली तं आठ दिवस तोंड फुगवून बसतीन. वरून शपथ घातली, त्याइले सांगू नका. ह्यायनं मशीन लावून देल्ली अन् झोपले. आता दुसरी कॉपी सापडली की मंग सांगीन, असं म्हनत म्हनत राहून गेलं."

म्हणजे दोघांनी मिळून. नियाजले शिव्या देता येतात. गोदाले काय करू? बाई, मॅचसाठी मी रुसलो असतो तर रुसू द्यायचं होतं. मले विचारायचं तरी.

११ मार्च
कपाटातून त्या मॅचची कॅसेट काढली. वर गोदाच्या अक्षरात 'ह्यांची मॅच'. मागं पिवळी पडलेली चिकटपट्टी. किती वेळा पाहिली असंल. शेवटच्या ओव्हरले चित्र फाटते, की मी रिवाइंड करतो. लायब्ररीची शिस्त. त्या रात्री लाइट गेली असंल, मशीन तिथंच थांबलं असंल.

आज रिवाइंड केली नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग लेणी. लेण्यासमोर पंगत, अन् हातात भाजीचं भांडं घेऊन गोदा –

"उठून कावून राहिले, पाहुणे? बसा. आखीन वाढाचं हाये."

मशीन थांबवलं. नियाजले फोन केला, ये म्हटलं.