एसटीनं येणाऱ्यांची टीम

मुकुल,

हात सवयीनं ‘प्रिय’ लिहून गेला, म्हणून पहिला कागद फाडला.

कॉलेजच्या कोडिंग स्पर्धेसाठी टीम पाडणारं ॲप आपण दोघांनी बनवलं. कुणाला काय येतं ते बघून ॲपच टीम जुळवेल, ओळखपाळख चालणार नाही, असं आपलं ठरलं होतं. मग सोनपेठचा महारुद्र, मानवतची अबोली, एसटीनं येणारे सगळे एकाच टीममध्ये कसे आले? मी कोड उघडून बघितला. रोज गावाहून येणाऱ्यांना वेगळं काढायची अट तू गुपचूप घातली होतीस.

विचारलं तर हसलास. “अगं, ते संध्याकाळी बस धरायला पळतात. चांगल्या टीमचं नुकसान कशाला?”

“मी बी वालूरहून एसटीनंच येते, मुकुल.”

“तुझं वेगळं आहे. तुला माझ्या टीममध्ये घेतलंय ना!”

घेतलंय म्हणे! लय संताप आला. याच माणसाबद्दल मी घरी आईला सांगणार होते.

मी ती अट काढली आणि टीम पुन्हा पाडल्या. तू महारुद्रच्या टीममध्ये आलास. दुपारीच सरांना भेटून तू स्पर्धेतून नाव मागं घेतलंस. महारुद्र मला विचारायला आला, “माझं काही चुकलं का?” मला त्याच्याकडं बघवेना.

आता प्रियांकानं मला स्पर्धेतून काढलं, असं सांगत फिरायलास. मी तुला महारुद्रच्या शेजारी बसवलं होतं, मुकुल. उठून तू गेलास. तुझ्या जागी मी बसलेय.

हे पाठवणार नाही. तू परत मलाच समजावत बसशील.

प्रियांका
वालूर