आमच्या बंगल्याचा इतिहास आणि तो बघायला आलेली माणसं

३ फेब्रुवारी, सोमवार
आज लय आनंद. नात समीक्षा पुण्यास्नं आली आन् म्हणाली, आजी, आपल्या बंगल्याचा व्हिडिओ करायचा, तू सगळी हिस्ट्री सांग. धैर्यशीलबी जवळ येऊन बसला. हा माझा एकुलता पोरगा. कधी माझं एक वाक्य पुरं ऐकून घेतलं न्हाई, आज म्हणतो, आई, सांग की निवांत. सुनेनं, संयोगितानं, न सांगता चहा आणला. म्हाताऱ्या माणसाची किंमत कळाया लागली म्हणायची.
ठरवलंय, सांगताना इकडंतिकडं जायचं न्हाई. डायरीबी रोज लिहायची.

५ फेब्रुवारी
काल लिहायचं ऱ्हायलं. पातळाला इस्त्री करायची व्हती.
व्हिडिओ झाला. पार पहिल्यापासनं सांगितलं. साताऱ्यात गोडोलीच्या पुढं तवा नुसतं जोंधळ्याचं रान. लालासाहेब सुभेदार मिलिटरीतनं रिटायर झाले आन् त्यांनी हा बंगला बांधला. सकाळी बायकोलासुदिक लायनीत उभी करायचे. ती बाई म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या जावंची... ते असू दे. त्यांच्यामागं बँकेचे साहेब आले. हौसेनं बाथरूमला गुलाबी फरशी बसवली आन् लगोलग बदली. मग अंजनाबाईंचा शिवणक्लास. अजून अंगण झाडताना सुया घावत्यात. मग आमी, माण तालुक्यातनं आलेली. आमचे हे एसटीत कंडक्टर. ते गेले ते ह्याच घरातनं, आन् मीबी इथनंच जाणार, असं कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं.
समीक्षा म्हणाली, आजी, पाण्याचं सांग. पाण्याचा कसला इतिहास? तरी सांगितलं, पाणी दोन टायम येतं.

९ फेब्रुवारी, रविवार
व्हिडिओ गाजला! फलटणचं एक जोडपं मुद्दाम बंगला बघाया आलं. इतिहासासाठी एवढ्या लांबनं! बाप्या मोबाइलात दिशा बघत खोल्याखोल्यांतनं फिरला. अभ्यासू माणूस. म्हटलं, ईशान्येचा संडास खुद्द सुभेदारांनी बांधून घेतलेला. साहेबांची बदली झाली, अंजनाबाईंचा नवरा पळून गेला, ते सगळं त्या संडासामुळं, असं गल्लीत बोलत्यात. बाई ताडकन उठली. चहाबी घेतला न्हाई. लाजाळू असंल.
धैर्यशील म्हणाला, आई, माणसं आल्यावर तू जरा कमी बोल. इतिहास कमी बोलून कसा सांगायचा? पण पोराचा मान राखायचा. उद्यापासनं कमी बोलणार.

१२ फेब्रुवारी
दोघं टेप घेऊन आले, मोजामाप केलं. मी वळखलं. मोठ्या माणसांच्या घरावर पाटी लावत्यात तसली बसवायची असणार. म्हटलं, सुभेदारांच्या खाली आमच्या ह्यांचंबी नाव घाला. एकमेकाकडं बघून हसले. टेप पार मागच्या कंपाउंडापातूर नेली. पाटी लयच मोठी दिसती.
आज कमीच बोलले. फक्त शिवणक्लासाचं सांगितलं.

१६ फेब्रुवारी
शेजारची शिवांजली आली. म्हणाली, काकू, घर का वं विकताय? म्हटलं, कोण विकतंय? तिनं मोबाइल पुढं धरला.
त्यात मी हसतीया. मागं गाणं. सुभेदार न्हाईत, बँकेचे साहेब न्हाईत, आमचे हे तर न्हाईतच. मी एकच बोलतीया, पाणी दोन टायम येतं. खाली लिहिलंय, कॉर्नर प्लॉट, विकणे आहे.
शिवांजलीला म्हटलं, दुसरं घर असंल.

१७ फेब्रुवारी
धैर्यशीलला विचारलं. घर त्याच्याच नावावर हाय. म्हणाला, आई, आता समद्यांनी पुण्यातच ऱ्हायचं. फ्लॅट बघितलाय, सातवा मजला, लिफ्ट हाय, तुला करमंल. म्हटलं, मला आधी का न्हाई सांगितलंस? म्हणाला, सांगितलं असतं तर व्हिडिओत हसली असतीस का?
समीक्षा खाली मान घालून मोबाइल चोळत बसली. तिच्याशी बोलायचं न्हाई असं ठरवलं. मग तिला भूक लागली, थालीपीठ लावून दिलं. पण बोलले न्हाई. मीठ कमी हाय का, एवढंच विचारलं.
रडायचं न्हाई. डोकं चालवायचं. घर घेणाराच पळाला तर कोण कुणाला पुण्याला नेतंय?

२३ फेब्रुवारी, रविवार
आज विट्याकडची माणसं आली. दिग्विजय म्हणून गडी, सोनंचांदी गाळायचा, गलाईचा धंदा, दुकान केरळात. संगं त्याची आई मनुबाई, माझ्याच वयाची. धैर्यशील गाडी लावाया गेला तेवढ्यात मी सुरू केलं. सुभेदार मेले ते त्यांच्या गावाला, अंथरुणात, नातवंडांच्या घोळक्यात. आज मी त्यास्नी ह्याच हॉलात मारलं. म्हटलं, रोज पहाटं अंगणात परेड करत्यात. बुटांचा आवाज येतो. आमचे हे त्याच धसक्यानं गेले.
माझ्याच अंगावर काटा आला.
दिग्विजय मोठ्यांदा हसला. म्हणाला, आजी, हे आमी पाडणारच हाय. आमास्नी नुसती जागा पायजे. पुढल्या महिन्यात जेसीबी लावायचा. आन् पावलांनी जागा मोजत निघून गेला मागल्या दारी.
मनुबाई तेवढी हसली न्हाई. माझ्याजवळ सरकून बसली आन् हळूच म्हणाली, आवं, घर पाडल्यावर त्या सुभेदारांनी जायचं कुठं?
म्हटलं, पुण्याला. पोराच्या फ्लॅटवर.
मनुबाई म्हणाली, म्हातारपणी तिथं करमंल का वं त्यास्नी?
मी उठले आन् चहा टाकला.