गरम डबा

बाबा,

काल नवा राउटर बघायला गेले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटीजी, ये ले लो, पुराने से कई गुना तेज." मी विचारलं, "तार तो वही रहेगी न?" तो हसला. "तार छोड़ो, डब्बा देखो." तुम्हाला मोडेम विकणाऱ्या बडा गणपतीजवळच्या दुकानदारानंही हेच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत.

कापड मिल बंद पडल्यावर तुम्ही भंवरकुआंला इंटरनेटचं दुकान टाकलंत. मिलमधून जे मिळालं ते सगळं त्या एका खोलीत गेलं. फोनची लाइन जुनी. पावसाळ्यात तिच्यावर साधं बोलणंही नीट ऐकू येत नसे. तरी तुम्ही चांगला चालणारा मोडेम काढून दुप्पट वेगाचा आणलात. खोक्यावर निळी वीज चमकत होती आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की वेग लाइनवर अवलंबून राहील. मी ते जेवताना वाचून दाखवलं. "बाबा, तार तीच आहे." तुमच्या हातातला घास तसाच राहिला. "तुम्ही शिकलेले लोक नव्याला आधी नावं ठेवता. आमच्या मालकानंही नवे माग आणले नाहीत. लागला ना मिलला ताला?" मी खोकं उचलून बाजूला ठेवलं.

परीक्षेच्या निकालाचा दिवस. खोली मुलांनी भरली आहे, पायऱ्यांवरही मुलं उभी आहेत. पान अर्ध्यावर येतं आणि थांबतं. तुम्ही मोडेमच्या पाठीवर तळहात ठेवता, मिलमध्ये पाळीवर असताना मागाला लावायचात तसा. "गरम आहे," मला सांगता, आणि त्यांना, "चल रहा है भिया, रुको." मागून कुणीतरी म्हणतं, "काकाजी, इसपे चाय चढ़ा दो." सगळे हसतात. तुम्हीही हसता. मग एकेक जण समोरच्या दुकानात जातो. तिथे लाइन नवी आहे. त्या दिवसानंतर ती मुलं आपल्याकडे फिरकली नाहीत.

गरम म्हणजे चालू, हे तुम्ही मागांकडून शिकला होतात. मिलच्या शेवटच्या दिवशी घरी येऊन एवढंच बोललात, "थंडगार पडलंय सगळं." मोडेम नुसता बसूनही गरम होतो. दुकान गेल्यावर तो तुम्ही पंच्यात गुंडाळून घरी आणलात आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलात. अधूनमधून प्लग लावायचात. फोनची तार न जोडता. आई विचारायची, "कशाला जी?" तुम्ही म्हणायचात, "असू दे." आणि हात ठेवून उभे राहायचात. त्याच फळीखाली, पुढच्या उन्हाळ्यात, तुम्ही पडलात ते परत उठला नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वहीतच राहील.

डबा मी घेतला. तार तीच आहे, वेगही तोच. हे मला दुकानातच माहीत होतं. मघाशी घरात कुणी नव्हतं तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. गरम आहे, बाबा.