गाऱ्हाण्याखाली गेलेला आवाज

६ ऑगस्ट १९७६, सालमिया, कुवेत

आज पण दुपारभर उम्म एलियासकडे. (पुढे उ.ए.च लिहिते, एवढं मोठं कोण लिहीत बसणार.) शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात, लेबनॉनच्या. बायकांचे ड्रेस शिवतात. मी तुरपाई, काज-बटण करते. शाळा सोडली तेव्हापासून हेच. इथे कोणी उभं राहून वाच म्हणत नाही. वर्गात उभी राहिले की माझा आवाजच जायचा.

त्यांचा मुलगा एलियास, एकोणीस वर्षांचा, तिकडे डोंगरातल्या गावात आजीजवळ अडकलाय. गावाला जुना कोट आहे. लढाई पेटलीय, बाहेरून वेढा. फोन बंद, रस्ता बंद. शेवटचा जो ड्रायव्हर सुटला त्याच्याबरोबर एलियासची कॅसेट आली. तेवढीच.

रोज दोनदा ऐकतात. लावायचं काम माझं, त्यांचे हात कापडात असतात.

११ ऑगस्ट

तो काय बोलतो ते उ.ए. थोडं अरबी थोडं इंग्लिश करून सांगतात. वेशीत बस आडवी घातलीय, वर वाळूची पोती. कोटातली विहीर उपसली, पाणी आहे. पाव एक दिवसाआड. एका बंदुकीवर तो आणि त्याचे शाळामास्तर पाळी लावतात. मधेच आजी ओरडते, "सांग तिला, मी हलणार नाही!" मग तो, "आई, तुझ्या भातात मीठ जास्त असायचं ना, आता तो पण चालेल."

इथे उ.ए. हसतात. मग सुई सापडत नाही म्हणतात. सुई हातातच असते.

विचारलं, बाहेर कोण आहेत? म्हणाल्या, "खालच्या गावचे. त्यांच्या पोरींच्या लग्नाचे ड्रेस मीच शिवलेत."

२० ऑगस्ट, शुक्रवार

बाबांना रजा नाही. राई भागातल्या गॅरेजात उन्हाळ्यात गाड्यांच्या एसीचं काम संपत नाही. गावच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घरातल्या थोरल्यानेच घालायचं, म्हणून ठरलं की कॅसेटवर घालून पाठवायचं. पाटकरकाका रविवारी गावी निघतायत. उ.ए.नी टेप दिला, एक कोरी कॅसेट पण दिली.

बाबा अंघोळ करून, टोपी घालून टेपसमोर बसले. आई हसायला लागली. "अहो, टेपाला नमस्कार काय करताय!" मग सुरू. बा देवा म्हाराजा, घरादाराची राखण कर, जो वाटेत असेल त्याला सुखरूप आण... दर वाक्यानंतर थांबायचे, गावची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतील म्हणून.

संध्याकाळी ऐकायला लावलं. बाबांचं गाऱ्हाणं संपलं आणि एलियास बोलायला लागला, अर्ध्या वाक्यातून.

कोरी कॅसेट तशीच पिशवीत. एलियासची टेपाबरोबर पिशवीत आली होती, ती मीच लावली होती. रोजची सवय, हाताने तीच उचलली.

बाबांनी टेप बंद केला. मग, "सुलू, मी येतो सांगायला." नको म्हटलं.

२१ ऑगस्ट

बाबांनी सकाळी कोऱ्या कॅसेटवर परत गाऱ्हाणं घातलं. आवाज बसला होता. ती पाटकरकाकांकडे.

मी एलियासची घेऊन उ.ए.कडे गेले. तोंडातून काही निघेना. सरळ लावलीच. उ.ए. शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून पूर्ण गाऱ्हाणं ऐकत राहिल्या. मग एलियास, विहिरीपासून पुढचा. बस, पोती, सुरुवातीला आईला मारलेली हाक, सगळं गेलेलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "खलास," एवढंच म्हणाल्या, हळू. मग चाकावरचा हात पण काढला.

मला काय झालं माहीत नाही. उभी राहिले आणि बोलायला लागले. अरबीत, त्याच्यासारखं. अर्थ सगळा येत नाही मला, पण पंधरा दिवस ऐकलंय. कुठे खोकतो, कुठे थांबून नाक ओढतो, आजी कुठे भांडं आपटते. विहिरीपर्यंत सगळं म्हटलं. आवाज गेला नाही.

उ.ए.नी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "परत."

परत म्हटलं.

मग टेपकडे बघून, "ते काय होतं, तुझे बाबा?" मोडकंतोडकं सांगितलं, घर राखायला देवाला सांगतात, वाटेतल्याला सुखरूप आण म्हणतात. "मग पुसू नको," म्हणाल्या. "तिकडे आत्ता जेवढे देव असतील तेवढे कमीच."

२६ ऑगस्ट

आता दुपारचा क्रम असा: आधी मी उभी राहून, मग बाबांचं गाऱ्हाणं, मग एलियास. बाबा थांबतात तिथे उ.ए. "वै महराज" म्हणतात. दोरा दातात धरूनच. मला हसू येतं, त्यांना पण.

रेडिओवर म्हणे वेशीजवळ मोठी मारामारी झाली. बस जळली. आत कोण, बाहेर कोण, काही सांगत नाहीत.

२ सप्टेंबर

उ.ए.नी तीन दिवस शिवलं नाही. गिऱ्हाइकं परत पाठवली. मी जाऊन बसते.

आज त्यांच्या ओळखीचा माणूस आला होता. काही तास रस्ता उघडला होता, एक गाडी सुटली, ड्रायव्हर इथे कुवेतमध्येच, बनेद अल-गार भागात उतरलाय. पिशवीभर चिठ्ठ्या आणि चार-पाच कॅसेटी. नावं पुसलीत पाण्याने, लावून ओळखायच्या.

उ.ए. म्हणाल्या, "हबीबती, तू चल. माझे कान आता ऐकतात ते मला खरं वाटत नाही. तुला त्याचा खोकला पण माहीत आहे."

आई म्हणाली, जा. बाबा टॅक्सी घेऊन येणार.

उद्या चार वाजता. टेप मीच नेणार आहे. रिकामा ठेवलाय. दोनदा उघडून बघितला.