मामांच्या अडीच दिवसांची मजुरी

शेणवा, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप हरेशमामांस,

माधुरीचा वाकून नमस्कार. मुरबाडला मामी आणि तुमची कंबर, दोघी बऱ्या असतील असं धरून चालते. इथे आईचा गुडघा सोडला तर सगळे ठीक आहेत. बाबा तर जरा जास्तच, कारण चिखलणीच्या शर्यतीत आपला पॉवर टिलर पहिला आला. चार वर्षं शेवटचा येत होता. आता बाबा बांधावरूनही मान ताठ ठेवून चालतात (काल एकदा पडले).

घरात शाळा पुरी केलेली मीच पहिली, म्हणून यंदाचे नियम गावाने मला लिहायला लावले. गेल्या वर्षी एका पाहुण्याने नवंकोरं इंजिन बसवून सगळ्यांना चिखलात उभं केलं होतं ना! मोटारींच्या मोठ्या शर्यतींत आता खर्चाला मर्यादा आहे, नव्या नियमांत इंजिनाची जवळपास निम्मी ताकद बॅटरीची आहे, हे तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. बॅटरीचं मी सोडलं (आपल्याकडे घरातला पंखा चालेल तर शपथ). खर्च पाच हजारांच्या आत आणि इंजिन बदलायचं नाही, एवढं घेतलं. कुणी इंजिन उघडलं तर कळावं म्हणून सगळ्यांच्या बोल्टांवर माझ्या नेलपॉलिशचे ठिपके लावले. शर्यतीतले लडकूकाका ठिपका पुन्हा लावून घ्यायला रोज सकाळी दारात हजर: "इंजिन हालतं तर रंग उडनारच, माजा काय दोष गो?" अर्धी बाटली त्यांच्यावर संपली.

मग मला झोप येईना. मोटारींच्या शर्यतींत चालवणाऱ्याचा पगार खर्चात धरत नाहीत, ते मला पटलं नव्हतं. ज्याच्या नात्यात मेकॅनिक, त्याचं काम फुकट. दुसऱ्याने मात्र पैसे मोजायचे. मग मर्यादा कसली? म्हणून कलम घातलं: नातेवाइकाची फुकट मजुरीही बाजारभावाने धरावी. सगळ्यांनी माना डोलावल्या, बाबांनी टाळी वाजवली. लिहिताना तुमची आठवण झाली नाही, देवाशपथ.

सुटे भाग चौतीसशेचे. आपला टिलर तुम्ही दुरुस्त केलात, त्या कामाचं खरं बिल पाठवावं. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून पत्र जीपवाल्याकडे देते.

आपली भाची,
माधुरी

ता. क. आई म्हणते, "भाऊ बहिनीला बिल देतो काय? दिलंन तर भाऊबीजेला येऊ नको म्हनावं." बाबा म्हणतात, एक दिवस लिहायला सांग.

ता. क. बिल नाही आलं तरी चालेल. दुरुस्तीच्या वेळी पाने-पक्कड तुमच्या हातात मीच देत होते. अडीच दिवस, आठशेने दोन हजार; सुट्या भागांसकट चोपन्नशे. वहीत लिहून झालंय. खर्च तपासून पक्का निकाल मला गुरुवारी देवळासमोर वाचायचा आहे. बाबा पहिल्या रांगेत बसणार. तुम्ही फक्त या आणि माझ्या शेजारी उभे राहा.