जो उभा राहील त्याला वही

मी, निवृत्त सुभेदार हिंदुराव आकाराम फडतरे, वय ६२, मूळचा औंधचा, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण भीती म्हणजे दबाव नव्हे, असं वकीलसाहेब म्हणतात.

१. विश्रामबागचं घर व शिल्लक पत्नी राहीबाईची. औंधचं घर व रान मुलगा ऋषिराजचं. त्या घराचं कुलूप मागच्या महिन्यात कोणीतरी तोडलं आणि फक्त माझी लष्करी पेटी उचकटली. काही नेलं नाही. हवं होतं ते तिथं नव्हतंच.

२. हवी होती ती वही. ती मुलगी संयोगिताला. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीतून मी सीरियात, गोलानच्या पट्ट्यात रसद पोहोचवत होतो. तिथं चेर्केस लोकांतल्या आबझाख टोळीच्या नुरबी नावाच्या म्हाताऱ्याशी माझं लय जमलं. १८६४ ला झारच्या फौजेनं त्याच्या पूर्वजांना कॉकेशसच्या डोंगरातून काळ्या समुद्रापर्यंत हाकललं. जहाजात मेलेले समुद्रात टाकले, म्हणून नुरबीच्या घरात त्या समुद्राचा मासा कोणी खाल्ला नाही. तुर्कांनी उरलेल्यांना शेवटी गोलानला वसवलं. १९६७ च्या इस्रायलच्या लढाईत त्यांना पुन्हा घरं सोडावी लागली, आणि २०१२ ला माझ्यासमोर नुरबीचं गाव आणखी एकदा रिकामं झालं.

गाव सोडताना नुरबीने मला वही दिली. तीत टोळीच्या घरांच्या पिढ्या आहेत, आणि शेवटी कोणतं घर कुठं लपलं ते. म्हणाला, "नातू येईल. आमच्यात धाकटा वडीलधाऱ्याने बस म्हटल्याशिवाय बसत नाही. तेवढं बघ आणि दे. भलत्याच्या हाती गेली तर माझ्या माणसांना हुडकून मारतील."

३. ऋषिराजने वहीवर हक्क सांगू नये. त्याने 'पप्पांची आठवण' म्हणून तिचं एक पान फेसबुकवर टाकलं. त्या पानावर कोणतं घर होतं, ते मला वाचता येत नाही. याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

तीन आठवड्यांनी एक तरुण दारात आला. मी नुरबीचा नातू, असं म्हणाला. मी पारखायच्या आत राहीने खुर्ची पुढं सारली. "आवं, उभं का? बसा की, च्या टाकते." तो बसला. खरा असता तरी बसला असता, खोटा असता तरी. मी वही जळाली म्हणून सांगितलं. आठवड्याने फोन आला: राख दाखवा. आवाज त्याचाच होता का, सांगता येत नाही.

४. माझ्या पश्चात, अगदी दहाव्यालासुद्धा, परक्या माणसाला कोणी बसा म्हणू नये. संयोगिताने गप्प बघावं. उभा राहिला तर वही द्यावी. आपणहून बसला तर वाटेला लावून त्याच दिवशी वही जाळावी. राहीने हुज्जत घालू नये.

५. साक्षीदार तानाजीराव आत्ताच आत आले. म्हणतात, "सुभेदार, फाटकापाशी परका गडी तासभर उभा हाय." राही खुर्ची उचलून निघाली आहे. तिला अडवायला उठतो. सही घाईची असली तरी माझीच समजावी.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

हिं. आ. फडतरे

साक्षीदार:
१. तानाजी बंडू मोहिते, शेजारी
२. अक्षता बुद्धभूषण कांबळे, वकिलांच्या कचेरीतून